दहापैकी तीन

आधी दोऱ्याचं सांगते. दोरा समजल्याशिवाय माझी मान समजायची नाही, आणि मान समजल्याशिवाय डोकेदुखी समजायची नाही. मला स्वतःलाच हा क्रम समजायला चार वर्षं लागली.

भुवया कोरताना सुती दोऱ्याला मधोमध पीळ देतात. एक फास बोटांत, एक टोक दातांत. बोटं उघडायची आणि मिटायची, तेवढ्यात मानेनं दोरा ताणून धरायचा नि सोडायचा. पीळ केसावरून सरकतो आणि केस मुळापासून उपटला जातो. लंडनमधल्या हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवरच्या एका पार्लरमध्ये मी हे काम अकरा वर्षं करतेय. कोविडनंतर पार्लर पुन्हा उघडलं तेव्हा दोरा तोंडात धरायचा नाही असं ठरलं. बरोबरच होतं ते. आपल्या तोंडातला दोरा परक्या बाईच्या तोंडावर फिरवायचा, हे मला आधीपासूनच कसंसं वाटायचं. मग आम्ही सगळ्याजणी दोरा गळ्यात अडकवायला लागलो. मानेमागून घेतलेला एक फास, आणि तो दिवसभर मानेला पुढे ओढतोय. आपण तिला मागे ओढायची. दिवसाला तीस-पस्तीस चेहरे, शनिवारी पन्नासच्या वर.

दुखणं दुपारी दोनच्या सुमाराला सुरू व्हायचं. मानेच्या वर, उजव्या खळग्यात, कुणीतरी अंगठा रोवून धरल्यासारखं. चारपर्यंत तो अंगठा कानामागून वर चढायचा. घरी जायची वेळ झाली की उजव्या डोळ्याच्या पाठीमागे जाऊन बसायचा. आधी आठवड्यातून एकदा, मग तीनदा, मग रोज.

डोकं दुखतं असं एकदा म्हणून बघा. ज्याच्या-त्याच्याकडे औषध तयार असतं. नणंद कोरेगावहून व्हिडिओ पाठवायची. एक टक्कल पडलेला माणूस भिंतीला पाठ लावून उभा, आणि खाली तिचा निरोप : वहिनी, मान सरळ ठेव, मोबाइल कमी बघ. मोबाइल! मी दिवसभर लोकांच्या भुवया बघते, मोबाइल बघायला मला सवड कुठली? आमच्या ह्यांनी तीन उशा आणल्या. एक फोमची, एक मधे खड्डा असलेली, एक भाताच्या पोत्यासारखी जड. हे हीथ्रोजवळ विमानांत जाणाऱ्या जेवणाच्या ट्रॉल्या भरतात. रोज काही ना काही उचलून येतात आणि ह्यांना कुठे काही दुखत नाही.

"डोकं आहे म्हणून दुखतं," हे म्हणायचे. "माझं बघ, कधी तक्रार नाही."

"अहो, तक्रार करायला आत कुणीतरी असावं लागतं," मी म्हणायचे. पण हसताना सुद्धा डोळ्यामागे कळ यायची.

जीपीला, म्हणजे आमच्या भागातल्या डॉक्टरला, सकाळी आठला फोन लावायचा. रांगेत तुम्ही चौदावे, असं ती यंत्रातली बाई सांगते. चौदाव्याचा पहिला नंबर होईपर्यंत आजच्या वेळा संपलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर फोनवर भेटले. त्यांनी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी पुन्हा भेटले, तेव्हा म्हणाले की तुम्ही इतक्या वेळा गोळ्या घेत असाल तर आता गोळ्यांमुळेच डोकं दुखत असेल. म्हणजे डोकं दुखतं म्हणून गोळी, आणि गोळी घेतली म्हणून डोकं. मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. मी म्हटलं, "थँक्यू डॉक्टर."

हे माझं नेहमीचंच. आठवीत माझी शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि धाकटी दोघं होती. तेव्हापासून जो कुणी शिकलेला माणूस माझ्याशी दोन शब्द नीट बोलेल त्याचे मला उपकार वाटतात. उपकार करणाऱ्याला पुन्हा कसं सांगायचं की तुमच्यानं काही झालं नाही?

डॉक्टरांनी फिजिओकडे चिठ्ठी पाठवली. पाच महिन्यांनी बोलावणं आलं.

त्या दिवशी मी तीन गोष्टी करून गेले. इस्त्रीचा कुडता घातला. निघण्यापूर्वी दोन गोळ्या घेतल्या, म्हणजे तिथे गेल्यावर तोंड वाकडं व्हायला नको. आणि बसमध्ये सगळा रस्ता पाठ ताठ करून, हनुवटी आत घेऊन बसले. मान तपासायला चालले होते ना. मळकी भांडी कुणी घासायला देताना सुद्धा आधी विसळून देतं, तसं. आपली मान दाखवायची तर ती बरी दिसली पाहिजे. ह्यात आपण काही चूक करतोय हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आत सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी होती. तिनं कागदावरचं आडनाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही मराठी? मी पण मराठी! पण माझा मराठी फनी आहे, हसू नका हं. माझी आजी लेस्टरला राहतो, तिच्याशी बोलून बोलून शिकला."

मला रडूच यायचं बाकी होतं. पाच महिने थांबले ते कशासाठी, तर आपल्या भाषेत दुखणं सांगायला मिळावं म्हणूनच जणू. मी तिला अहो-जाहो करायला लागले तर ती म्हणाली, "काकू, तू म्हणा प्लीज. आजीने ऐकला तर मला मारेल."

तिनं माझ्या डोक्याला एक पट्टा बांधला, त्यावर होकायंत्रासारखी तबकडी. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, खांद्याकडे कान न्या. लिहून घेतलं. मग पाठीवर झोपवलं आणि मानेखाली एक लहानशी हवेची पिशवी सरकवली, रक्तदाबाच्या पट्ट्यासारखी. तिची नळी एका काट्याच्या तबकडीला जोडलेली. काटा वीसवर आणून तिनं ती तबकडी माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"आता हो म्हणा. फक्त हनुवटीने, छोटासा हो. काटा बावीसवर गेला पाहिजे आणि दहा सेकंद तिथेच राहिला पाहिजे."

समोर आकडे दिसले की मला घाम फुटतो. मी सगळी ताकद लावली. काटा सरळ तिशीवर.

"नो नो काकू, एवढा नको!" तिनं माझ्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवली. तिथे दोन दोरखंड ताठ उभे राहिले होते. "हे बाहेरचे मसल आहेत. हे दादागिरी करतात. काम आतल्या छोट्या मसलचा आहे, पण ते झोपले आहेत, म्हणून हे सगळं ओढतात. मग थकतात, मग इथून इथे दुखतो." तिनं माझ्या मानेपासून डोळ्यापर्यंत बोट फिरवलं. अंगठ्याचा तोच रस्ता, तसाच्या तसा. कुणी न सांगता तिला तो ठाऊक होता.

मी म्हटलं, "पण मी ताठ बसते की."

"बसता, आय कॅन सी. खूपच छान बसता. पण दिवसभर कोणीच असा बसत नाही. नुसता ताठ बसून होणार नाही, ताकद पाहिजे."

मग तिनं विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, ब्युटी पार्लर. उभ्यानं? हो. खाली बघून? थोडं. तिनं तेवढं लिहिलं. दोऱ्याचं मी बोलले नाही.

का बोलले नाही ते सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच बिघडलं. फिजिओवाले कामाच्या मालकाला पत्र देतात असं मी ऐकलं होतं. आमच्या पार्लरच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना ताई म्हणतो, मूळच्या ठाण्याच्या. मी इथे आले तेव्हा मला ना इंग्रजी, ना कुठला दाखला. चार दुकानांत नकार ऐकला होता. ताईंनी माझ्या हाताची बोटं बघितली आणि म्हणाल्या, "दाखला काय करायचाय? उद्या ये, माझ्याच भुवयांवर शीक." आठ दिवस त्या अर्ध्या भुवया घेऊन दुकानात बसल्या होत्या माझ्यापायी. अशा बाईला सरकारी दवाखान्यातून पत्र जाणार, की तुमच्याकडचा दोरा आमच्या पेशंटची मान खातोय? मी तोंड मिटून घेतलं.

शेवटी ती म्हणाली, "दुखणं शून्य ते दहा, किती?"

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी दहापैकी दहा कुणालाच देत नसत. सगळं बरोबर आलं तरी आठ. दहा फक्त देवाला, म्हणायचे. मला कधी पाचाच्या वर मिळाले नाहीत. दुखण्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क द्यायचे म्हणजे जरा अतीच. शिवाय दोन गोळ्या पोटात होत्या, आणि समोर ती पोर पेन घेऊन इतक्या काळजीनं बघत होती.

"तीन," मी म्हटलं.

तिनं मला व्यायाम दिले आणि एक वही दिली. रोज किती दुखलं तो आकडा लिहायचा. व्यायाम मी मनापासून केले, ह्यात खोटं नाही. सकाळी उठण्याआधी पाठीवर पडून दहा वेळा छोटासा हो. दहा मोजेपर्यंत धरायचं. हे शेजारून म्हणायचे, "सकाळी सकाळी कुणाला हो म्हणतेयस गं? मला तर कधी म्हणत नाहीस." पण सकाळी दहा वेळा जे जागं करायचं ते दिवसभर दोरा पुन्हा झोपवायचा. दुपारी दोनला अंगठा हजर. आणि वहीत मी काय लिहीत होते? तीन. तीन. दोन, कारण त्या दिवशी जास्त गोळ्या घेतल्या होत्या. एका दिवशी डोळा उघडत नव्हता, बसमधून एक स्टॉप आधी उतरून कुंपणाला धरून उभी राहिले, त्या दिवशी चार लिहिले. मग वाटलं, मागच्या आठवड्यात तीन आणि ह्या आठवड्यात चार बघून तिला वाईट वाटेल. चाराचे तीन केले.

दुसऱ्या खेपेलाही मी गोळ्या घेऊन, ताठ बसून गेले. तिनं वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. तिसरी भेट फोनवर होती.

शुक्रवारची दुपार, पावणेतीन. खुर्चीत गिऱ्हाईक, डावी भुवई झालेली, उजवी अर्धी. गळ्यात दोरा, डोळ्यामागे अंगठा. फोन वाजला. ताई काउंटरवरून म्हणाल्या, "घे गं, दवाखान्याचा असेल. पण लवकर."

मी गिऱ्हाइकाला सॉरी म्हटलं आणि फोन खांदा नि कान ह्यांच्यामध्ये धरला. त्यानंही मान वाकडी होतेच.

"हाय काकू! कसं वाटतं आता? मला तर वाटतो तुमची डायरी खूप छान आहे, सगळे तीन आणि दोन! मी माझ्या बॉसला पण दाखवली."

बॉसला दाखवली. तिनं इतकी मेहनत घेतलेली. ताई ऐकत होत्या. गिऱ्हाईक एका पूर्ण भुवईनं आरशातून माझ्याकडे बघत होतं. आपल्याकडे कुणी कसं आहे विचारलं तर माणूस काय म्हणतं? ताप असला तरी बरं आहे म्हणतं.

"खूप फरक आहे बाळा," मी म्हटलं. "तुझ्या हाताला गुण आहे."

"अरे वा! म्हणजे मी डिस्चार्ज करू? व्यायाम घरी चालू ठेवायचा, ओके?"

"ओके," मी म्हटलं. "थँक्यू हं."

आणि फोन ठेवून दोरा ताणला. पाच महिन्यांची वाट एका मिनिटात मी माझ्या हातानं बुजवली, आणि वर तिचे आभार मानले.

दहा दिवसांनी पत्र आलं. ह्यांनी वाचून दाखवलं. पेशंटच्या सांगण्यानुसार लक्षणीय सुधारणा. तीन महिन्यांत पुन्हा त्रास झाला तर ह्या नंबरवर फोन करावा. त्यानंतर परत जीपीकडून यावं लागेल.

"सुधारणा?" हे म्हणाले. "काल तर भाजीत दोनदा मीठ घातलंस डोकं धरून."

"मीच सांगितलं तसं."

"का?"

"ती इतकं गोड बोलते हो," मी म्हटलं.

ह्यांनी पत्राची घडी घातली. "गोड बोलायला मी आहे घरात. तिच्याकडे तू दुखणं सांगायला जात होतीस." हे कधी चिडत नाहीत. त्या दिवशी मात्र तिन्ही उशा उचलून कपाटावर फेकल्या. फोमची खाली आली.

तीन महिने होते. रोज वाटायचं, आज फोन करू. पण काय सांगून? आधी म्हटलं बरं आहे, आता म्हणते नाही. त्या पोरीनं बॉसला दाखवलंय. पहिला महिना असाच गेला. दुसऱ्या महिन्यात लग्नांचे दिवस आले, शनिवारी दुकानाबाहेर बायका उभ्या असायच्या. मी सकाळीच दोन गोळ्या आणि जेवणानंतर दोन घ्यायला लागले, आणि जीपी म्हणाले होते तसंच झालं. आता उठतानाच डोकं दुखायचं. मला स्वतःचा राग यायचा, गोळीचा राग यायचा, कोरेगावच्या व्हिडिओतल्या त्या टकल्याचा यायचा. नीट बस म्हणणाऱ्या प्रत्येकाला धरून माझ्या जागी दिवसभर उभं करावं, असं वाटायचं.

एका शनिवारी चूक झाली. एक वयस्कर गोऱ्या बाई सहा वर्षांपासून माझ्याकडेच येतात, दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत बसत नाहीत. त्यांच्या उजव्या भुवईचं टोक कोरताना डोळ्यामागून सणक आली, मान झटक्यात मागे गेली, आणि पीळ जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला नाही. भुवईचं शेपूट गेलं. आरसा बघून त्या माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या की केसच आहेत, येतील. त्या तरी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुकान बंद करताना ताई म्हणाल्या, "काय होतंय तुला? महिनाभर बघतेय. उद्यापासून काही दिवस तू काउंटरवर बस, बुकिंग घे. खुर्ची दुसरीला देते."

त्यांनी सहज म्हटलं, माझ्या भल्यासाठी. पण काउंटर म्हणजे कॉम्प्युटर. फोनवर इंग्रजीत नावं ऐकायची, टाइप करायची. मला ते येत नाही. ताईंना ते इतक्या वर्षांत कळलेलं नाही, कारण मी कधी त्या बाजूला गेलेच नाही. मला एकच काम येतं आणि ते ह्या दोन हातांत आणि ह्या एका मानेत आहे. खुर्ची गेली की मी पुन्हा आठवीत.

सोमवारी पत्रातला नंबर लावला. तीन महिने संपायला नऊ दिवस राहिले होते. तिकडच्या रिसेप्शनिस्टनं नोंद बघितली आणि म्हणाली की इथे तर तुम्ही बऱ्या झालात असं लिहिलंय. मग आता काय झालं?

ते 'काय झालं' मला खूप जड गेलं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, मी बरी झाले नव्हते. मी तसं सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं.

"राइट," ती म्हणाली. मला वाटलं आता फोन ठेवणार. तिनं तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. त्या तीन आठवड्यांत मी ताईंना सांगितलं की काउंटर नको, खुर्चीवरच राहू द्या, गिऱ्हाइकं कमी घेते. कारण सांगितलं नाही. अजून भीती गेली नव्हती.

ह्या वेळी मी गोळी न घेता गेले. कामावरून तशीच, केस विसकटलेले, खांदे पडलेले. आणि पर्समध्ये दोऱ्याचं रीळ.

मुलीनं मला बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "काकू? तुम्ही... ठीक नाही दिसत."

"नाहीये," मी म्हटलं. "आधी सांगू दे मला. तू लिहिलंस ते सगळं मी चुकीचं सांगितलं. गोळ्या घेऊन येत होते. वहीतले आकडे खोटे आहेत. आणि मी काम कसं करते ते तुला दाखवलंच नाही."

मी दोरा काढला, गळ्यात फास घेतला, पीळ दिला आणि हवेतच भुवया कोरून दाखवायला लागले. जशी दुकानात करते तशी, पाच मिनिटं. पहिलं मिनिट ती हसत बघत होती. दुसऱ्या मिनिटाला तिचं हसू गेलं. पाचवं संपायच्या आत तिनं माझा हात धरला.

"स्टॉप. दिवसात किती वेळा?"

"तीस-पस्तीस जणी. शनिवारी पन्नास."

"द्या मला." तिनं दोरा स्वतःच्या गळ्यात घातला. मी पीळ बांधून दिला, तिला बोटं धड हलवता येईनात, पण मान तिनं मागेपुढे केली. दहा-बारा वेळा. मग मानेच्या त्याच खळग्यावर स्वतःचा हात ठेवला. "ओ माय गॉड काकू. मी तुम्हाला सकाळी दहा हो दिले, आणि तुम्ही दिवसभर..." तिनं दोरा काढून माझ्या हातात दिला. "हे का नाही सांगितला?"

मी ताईंचं सांगितलं. अर्ध्या भुवया घेऊन आठ दिवस बसल्या होत्या ते.

तिला राग आला होता, ते मला दिसलं. माझा की स्वतःचा, ते कळलं नाही. "मी पण नीट विचारला नाही," ती म्हणाली. "ब्युटी पार्लर ऐकला आणि लिहून टाकला." मग पुन्हा तो पट्टा, पुन्हा ती पिशवी. उजवीकडे मान पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळच कमी वळली. काटा बावीसवर मला चार सेकंद सुद्धा धरता आला नाही, थरथरायला लागला. बावीस. सगळ्यात खालची पायरी. मी डोळे मिटून घेतले.

"छान," ती म्हणाली.

"काय छान? नापास झाले."

"खरा आहे म्हणून छान. आता मला माहीत आहे कुठून सुरू करायचा." आणि मग हळूच, "शून्य ते दहा?"

माझ्या तोंडात तीन आलंच होतं. "आठ," मी म्हटलं. गुरुजींचा सगळ्यात मोठा आकडा. "येताना बसमध्ये आठ. आत्ता सात."

तिनं पत्र देऊ का विचारलं, ताईंना. मी म्हटलं, नको, मी सांगते. पत्रापेक्षा तोंडानं सांगितलेलं बरं, निदान माझ्याकडूनच तरी ऐकतील.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी सांगितलं. पायपुसणं झटकता झटकता सांगितलं, त्यांच्याकडे न बघता. दोरा, मान, डोकं, भुवईचं शेपूट, सगळं. मी वर बघितलं तर ताई उजव्या खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न करत होत्या. मान वळेना, अख्खं अंग वळत होतं.

"मी गाडी का सोडली माहितीय?" त्या म्हणाल्या.

"पार्किंग मिळत नाही म्हणून. तुम्हीच सांगता."

"पार्किंग कसलं. रिव्हर्स घेताना मागे बघता येत नाही मला. सतरा वर्षं दातांत दोरा धरलाय." मग खेकसल्या, "आणि तू चार वर्षं गप्प? मी काय वाघीण आहे? शहाणी कुठली."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं. असं मी त्यांना आयुष्यात बोलले नव्हते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चहा ठेव," म्हणाल्या.

असं झालं म्हणून सगळं मिटलं, असं काही नाही. दोरा गळ्यात न घेता दोन्ही हातांनी चालवायची एक पद्धत आहे. ती मी आता शिकतेय, पुन्हा ताईंच्याच भुवयांवर. एका चेहऱ्याला दुप्पट वेळ लागतो. शनिवारी बायका घड्याळ बघतात, ताई सुस्कारा टाकतात, आणि गर्दी फारच झाली की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. गोळ्या सोडायला सांगितल्या तेव्हा पहिले दोन आठवडे तर इतकं दुखलं की ह्यांनी कपाटावरच्या उशा स्वतःहून खाली काढल्या. सहा आठवड्यांनी काटा बावीसवरून चोवीसवर गेला. फक्त दोन आकडे. एवढ्यासाठी इतकी मरमर, असं वाटून मी त्या दिवशी बसस्टॉपवर रडले. नणंदेनं नवा व्हिडिओ पाठवलाय. ह्या वेळी उशीशिवाय झोपायचं आहे.

वही मात्र आता खरी आहे. सात. सहा. आठ. पाच. एका दिवशी दहा लिहिले, आणि घर कोसळलं नाही.

गेल्या शुक्रवारी तिचा पुन्हा फोन आला. खुर्चीत गिऱ्हाईक, ताई काउंटरवर, बाहेर दोघी उभ्या. दुपारची गर्दी होती आणि दोरा, हो, गळ्यातच होता. कबूल करते.

"हाय काकू! कसं आहे?"

"बरं" इतकं ओठांपर्यंत आलं होतं.

"थांब जरा," मी म्हटलं. फोन खाली ठेवला, गिऱ्हाइकाला एक मिनिट म्हटलं, गळ्यातला फास काढला आणि फोन नीट हातात घेतला. ताई बघत होत्या. त्यांनी बाहेरच्या दोघींना हातानं आत बसायची खूण केली.

"सहा," मी म्हटलं. "आणि आज दोरा गळ्यात घेतला होता मी. ते पण लिही."